भोगावतीचे पाणी आणि राजर्षी शाहू छत्रपती



दत्तजयंतीच्या अंकात आपण दरवर्षी सत्पुरुषांची चरित्रं वाचतो. यंदा संपादक मंडळाने मला लिहायला सांगितलं, तेव्हा मी एका राजाचं चरित्र निवडलं. हा राजा साधू नव्हता. कुस्तीचा नाद, शिकारीचा नाद, आडदांड देह, खाण्यापिण्याची आवड, सगळं राजासारखंच. पण संकट आलं की चार दिवस धावपळ करायची आणि ते टळलं की विसरून जायचं, ही जी आपणा सर्वांची सवय आहे, ती या माणसाला नव्हती. म्हणून त्यांचं नाव या अंकात यावं असं मला वाटलं.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बी.कॉम. होऊन सगळी नोकरी बँकेत, टेबलावर बसून केली. त्यामुळे चरित्र वाचतानासुद्धा माझी नजर जमा-खर्चाकडे जाते. कोणी काय केलं हे वाचलं की लगेच मनात येतं, पैसा कुठून आणला, किती दिवस पुरला आणि शेवटी शिल्लक काय राहिली. वाचकांनी एवढं सांभाळून घ्यावं.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. आई राधाबाई लहानपणीच गेल्या. तिकडे कोल्हापूरच्या गादीची अवस्था फार वाईट होती. चौथे शिवाजी महाराज इंग्रजांच्या देखरेखीखाली अहमदनगरच्या किल्ल्यात होते आणि तिथेच १८८३ च्या डिसेंबरात त्यांचा दुर्दैवी अंत झाला. त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतलं. मुलाचं वय दहाच्या आत. शिक्षण राजकोटला आणि मग धारवाडला झालं. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकरांच्या कन्या लक्ष्मीबाई यांच्याशी विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आला. वीस वर्षांचे सुद्धा पुरते झाले नव्हते.

मधली एक गोष्ट सांगायची राहिली. १८८८ साली कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाचा आरंभ या चौदा वर्षांच्या राजाच्या हस्ते झाला होता आणि १८९१ ला गाडी सुरू झाली. समारंभापुरती वाटणारी ही रेल्वे पुढे पाचच वर्षांत फार मोलाची ठरली. ती कशी ते आता येईलच.

१८९६ साली पावसाने दगा दिला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना १८७६-७७ चा मोठा दुष्काळ चांगला आठवत होता, त्यामुळे आभाळ कोरडं दिसताच लोकांच्या पोटात गोळा आला. अशा वेळी काय होतं ते सगळीकडे सारखंच असतं. धान्य लगेच संपत नाही, ते दिसेनासं होतं. ज्याच्याकडे पेव भरलेलं आहे तो तोंड उघडत नाही, व्यापारी आणखी आठ दिवस थांबू म्हणतो आणि भाव चढत जातात. दुष्काळात माणूस मरतो तो गावात दाणा नाही म्हणून कमी आणि हातात दाम नाही म्हणून जास्त. हे मी बँकेत बसून शिकलो असं म्हटलं तर कुणाला हसू येईल, पण कोरड्या साली सोनं गहाण ठेवायला आलेल्या बायकांची रांग ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

महाराज तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांनी एकाच वेळी चार-पाच बाजूंनी हात घातला. व्यापाऱ्यांना बोलावून माफक दराने धान्य विकायला लावलं आणि त्यात येणारी तूट दरबारने सोसायचं कबूल केलं. बाहेरून धान्य आणवलं, तिथे ती नवी रेल्वे कामी आली. संस्थानात स्वस्त धान्याची दुकानं उघडली. ज्यांना विकत घेणंच शक्य नव्हतं त्यांच्यासाठी रस्त्यांची, तळ्यांची दुष्काळी कामं काढली आणि जे म्हातारे, पंगू, अनाथ कामही करू शकत नव्हते त्यांच्या जेवणाची सोय केली. जनावरांसाठी सरकारी रानं चरायला मोकळी केली, वैरणीची व्यवस्था केली. स्वतः घोड्यावरून दूरदूरच्या डोंगरी गावांतून फिरले. राजा फिरला की मामलेदार फिरतो, मामलेदार फिरला की तलाठी जागा होतो, हे कारभारातलं जुनं सूत्र आहे.

यात एक गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते, जी चरित्रांतून एखाद्या ओळीत उरकलेली असते. दुष्काळी कामावर येणाऱ्या बायकांची तान्ही मुलं सांभाळायची सोय महाराजांनी कामाच्या जागीच केली होती. विचार करा. १८९६-९७ साल. खडी फोडणारी बाई पोराला कुठे ठेवणार? झाडाला झोळी बांधली तर ऊन लागतं, पाठीशी बांधलं तर काम होत नाही, आणि काम मापाने मोजून घ्यायचं, म्हणजे मजुरीही तितकी कमी. तिला मजुरी द्यायची ठरवलं, पण तिच्या कडेवरच्या पोराचा विचार केला नाही, तर ती मजुरी कागदावरच राहते. हे बावीस वर्षांच्या राजाला सुचलं याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. लहानपणी आई गेलेल्या माणसालाच ते सुचलं असावं, असा माझा आपला तर्क.

शेतसाऱ्याची वसुलीही थोपवली. इथे जरा थांबतो, कारण हा माझ्या जुन्या धंद्यातला विषय आहे. तहकुबी आणि सूट या दोन शब्दांत लोक नेहमी गल्लत करतात. तहकुबी म्हणजे आज देऊ नका, पुढच्या साली द्या. सूट म्हणजे देऊच नका. दुष्काळात नुसती तहकुबी दिली तर पुढच्या साली शेतकऱ्याच्या डोक्यावर दोन वर्षांचं ओझं बसतं, आणि ज्याचा बैल गेला, बियाणं खाऊन झालं, तो ते फेडणार कशाने? म्हणून तहकुबीच्या जोडीला तगाई लागते, म्हणजे बैल-बियाण्यासाठी दरबारकडून हलक्या व्याजाचं कर्ज. महाराजांनी तगाई दिली. नाहीतर तो शेतकरी सावकाराच्या दारात गेला असता आणि पाऊस पडल्यावर जमीन त्याची राहिली नसती. दुष्काळाचा खरा हिशोब दुष्काळ संपल्यावर दोन-तीन वर्षांनी होतो, तो असा.

या सगळ्यात प्लेग आला. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत सुरू झालेली ही साथ रेल्वेच्या वाटेनेच सगळीकडे गेली. ज्या गाडीने धान्य आलं त्याच गाडीने रोग येण्याचं भय उभं राहिलं. पुण्यात घरं तपासायला गोरे सोल्जर घातले, लोक चिडले, आणि जून १८९७ मध्ये रँडचा वध झाला, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. कोल्हापुरातही बंधनं होतीच. येणाऱ्यांची तपासणी, संशयितांना वेगळं ठेवणं, गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहणं, घरं धुऊन काढणं. ही बंधनं कुणाला आवडतात? दुखणाईत माणूस लपवून ठेवायचा प्रकार तिथेही झालाच असणार. पण परक्या शिपायाने घरात शिरणं आणि आपल्याच राजाने गाव रिकामं करा म्हणून सांगणं, यात फरक पडतो. माळावर जायला सांगितलं तर तिथे झोपडी, पाणी आणि मागे राहिलेल्या घराला राखण, या तीन गोष्टी आधी लागतात. त्या असल्या की माणूस कुरकुरत का होईना, जातो. २०२० साली देवळांची दारं बंद झाली तेव्हा आपणही घरात बसून कुरकुरलोच होतो. दर गुरुवारी पालखीला जाणारी माणसं खिडकीतून हात जोडत होती. त्यामुळे सव्वाशे वर्षांपूर्वी माळावरच्या झोपडीत देव्हारा मांडून बसलेल्या घरांची मला कल्पना करता येते.

पुढे पाऊस पडला. शेतं हिरवी झाली. दुष्काळी कामं बंद झाली, दुकानं बंद झाली. १८९९ ला पुन्हा देशभर मोठा दुष्काळ पडला, पुन्हा तीच धावपळ. आणि इथून पुढे या चरित्राला वेगळं वळण लागतं.

गुरुचरित्रातली अमरापूरची कथा आपण सर्वांनी वाचली आहे. दरिद्री ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल होता, त्याच्या शेंगांवर घर कसंबसं दिवस काढत होतं. गुरू भिक्षेला आले, त्या शेंगांची भाजी जेवले आणि जाताना वेलच उपटून टाकला. घरातली बाई रडायला लागली. मग वेलाचं मूळ काढायला खणलं तेव्हा द्रव्याने भरलेला कुंभ लागला. लहानपणी मला ही चमत्काराची गोष्ट वाटायची. आता वाटतं, रोजच्या चार शेंगांवर दिवस ढकलण्याची सवय लागली की माणूस मुळाशी खणत नाही. दुष्काळी काम, स्वस्त धान्य, तगाई या सगळ्या घेवड्याच्या शेंगाच. त्या लागतातच, त्यांच्याशिवाय माणूस आज जगणार नाही. पण मुळाशी खणायला कोणीतरी हवा.

कोल्हापूर भागाची गंमत अशी की तिथे पाऊस कमी नाही. पश्चिमेला सह्याद्रीच्या कडेला तो धो धो कोसळतो. पण जूनमध्ये येतो, नद्या दुथडी भरून वाहतात, आणि सगळं पाणी कृष्णेतून पूर्वेला निघून जातं. चैत्र-वैशाखात त्याच नदीच्या पात्रात डबकी राहतात. पूर्वेकडच्या सपाट भागात तर पाऊसही बेताचा. म्हणजे जमा भरपूर होती, पण खात्यात शिल्लक राहत नव्हती. महाराजांनी हे ओळखलं. १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले, तिथली मोठमोठी कामं डोळ्यांनी पाहिली, आणि त्याच साली संस्थानात पाटबंधाऱ्याचं स्वतंत्र धोरण आखलं. विहिरी, तळी यांची पाहणी करायची, जुनी दुरुस्त करायची, नवी काढायची. आणि या सगळ्याच्या पुढे जाऊन भोगावती नदीवर मोठं धरण बांधायचं.

जागा निवडली फेजिवड्याजवळ. तिथे वसवलेल्या गावाला आपल्या मुलीचं, राधाबाई आक्कासाहेबांचं नाव दिलं, ते राधानगरी. तलावाला राणीसाहेबांचं नाव, लक्ष्मी तलाव. काम १९०७-०८ च्या सुमारास सुरू झालं. दाजीराव विचारे हे संस्थानचे इंजिनिअर त्यात होते. एवढं मोठं काम, तेही ब्रिटिश सरकारच्या खजिन्यातून नव्हे तर एका संस्थानाच्या उत्पन्नातून. मी याचा विचार करतो तेव्हा कॅशियरच्या खिडकीमागून पाहिल्यासारखा करतो. दरवर्षी सारा येणार, त्यातून पगार जाणार, देवस्थानं, शाळा, रस्ते, साहेबलोकांची सरबराई जाणार, आणि जे उरेल ते डोंगरात दगड-चुन्यात घालायचं. त्याचा एक पैसाही पुढची कित्येक वर्षं परत येणार नाही. असा प्रस्ताव घेऊन कोणी आमच्या बँकेत आला असता तर फाईल पहिल्याच टेबलावरून परत गेली असती.

बरं, महाराज सगळीकडे काटकसरीच होते असंही नाही. शिकारीचा लवाजमा मोठा होता. १९१२ साली त्यांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं. धरणाला पैसा लागत असताना हे कशाला, असं माझ्यासारख्या हिशोबी माणसाच्या मनात येतंच. कोल्हापूरकर मित्रांपाशी हे बोललो तर त्यांनी मला जवळजवळ मारायचंच बाकी ठेवलं. असो.

धरणाबरोबर आणखी एक गोष्ट चालली होती. पाणी आलं म्हणजे ते सर्वांना मिळेलच असं नाही, हे महाराजांना समजलं होतं. गावच्या पाणवठ्यावर ज्याला पाऊल टाकता येत नाही त्याला बाराही महिने दुष्काळच. वेदोक्ताचं प्रकरण इथे उगाळत नाही, जुन्या पिढीला ते माहीत आहे आणि त्यातली कटुता अजून गेलेली नाही. पण राजालासुद्धा जातीवरून उणं ठरवतात हा अनुभव आला, तेव्हा ज्याला काहीच आधार नाही त्याचं काय होत असेल, हे त्यांनी मनावर घेतलं, एवढं मात्र प्रांजळपणे मान्य केलं पाहिजे. विलायतेहून २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी हुकूम काढून संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. त्याआधी १९०१ मध्ये मराठा मुलांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग काढलं होतं. पुढे जैन, लिंगायत, मुसलमान अशी एकेका समाजाची बोर्डिंगं निघाली, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळी रुपया म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आणि १९१९ साली हुकूम निघाले की सरकारी शाळा, दवाखाने, धर्मशाळा आणि सार्वजनिक पाणवठे यांत अस्पृश्यांना वेगळं वागवायचं नाही. हा हुकूम आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांना रुचला नव्हता. माझ्या घरी रुचला होता असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी कानपूरच्या कुर्मी समाजाच्या परिषदेत त्यांना राजर्षी ही पदवी दिली गेली.

शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवायचं तर नुसती दुष्काळातली तगाई पुरत नाही, हेही त्यांनी ओळखलं होतं. १९१३ च्या सुमारास संस्थानात सहकारी पतपेढ्यांना सुरुवात झाली. शाहूपुरीची पेठ त्यांनी १८९५ मध्येच वसवली होती आणि ती गुळाचा मोठा बाजार झाली. ऊस पिकवायचा तर पाणी हवं, गूळ विकायचा तर पेठ हवी, आणि दोन्हींच्या मधल्या दिवसांना कर्ज हवं. या तीन गोष्टी एका माणसाच्या डोक्यात एकत्र होत्या.

पण धरण काही वेळेवर पुरं झालं नाही. १९१४ ला युरोपात महायुद्ध पेटलं. माल महाग झाला, पैसा आटला. १९१८ पर्यंत भिंत सुमारे ४० फूट चढली आणि काम थांबलं. ते १९१८ साल महाराजांना फार वाईट गेलं. जूनमध्ये धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघाताने गेले, ऐन विशीच्या उंबरठ्यावर. मागे सून इंदुमतीदेवी, अगदी लहान वयाच्या. त्याच साली देशभर पावसाने पुन्हा पाठ फिरवली आणि इन्फ्लुएंझाने घरंच्या घरं रिकामी केली. दुष्काळ, साथ आणि घरातला मृत्यू, सगळं एका वर्षात. महाराजांनी इंदुमतीदेवींना कोपऱ्यात बसू दिलं नाही. त्यांच्या शिक्षणाची सोय केली, तीही घरच्यांचा विरोध पत्करून. एकीकडे प्रकृती ढासळत होती, मधुमेहाने शरीर पोखरलं होतं. तरी मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला ते गेले आणि तिथे तरुण डॉक्टर आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय ४८ सुद्धा पुरं नव्हतं. ज्या धरणासाठी एवढा खटाटोप केला त्याची पूर्ण भिंत त्यांना पाहायला मिळाली नाही. ते काम पुढच्या लोकांनी, पुढच्या राजवटीत पुरं केलं. मग त्या पाण्यावर भोगावती, पंचगंगेच्या काठाने ठिकठिकाणी बंधारे झाले, ऊस झाला, कारखाने झाले. आज तलावात सुमारे साडेआठ टीएमसी पाणी मावतं. पावसाळ्यात पाणी ठरावीक पातळीला पोचलं की धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि काठच्या गावांना सावध राहायला सांगतात. ते पाणी प्रयाग चिखलीला इतर नद्यांना मिळून पंचगंगा होतं आणि पंचगंगा आपल्या वाडीला कृष्णेला मिळते. पूर चढला, देवळात दक्षिणद्वार सोहळा सुरू झाला आणि पादुकांवरून वाहून आलेल्या पाण्यात भाविक स्नानाला उतरले, की त्या पाण्यात भोगावतीचंही पाणी असतं.